उलट्या खटक्याचा हँडब्रेक

आम्ही कलाशाखेचे विद्यार्थी. लोखंडाशी आमचा संबंध वसतिगृहाच्या खाटेपुरता! तरीही मी या अंकात एका मोटारीच्या हँडब्रेकवर लिहीत आहे, याचे कारण त्या हँडब्रेकने 2023 च्या मे महिन्यात मला चांगलेच तोंडघशी पाडले.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या मामांचे गॅरेज आहे. तेथे एका वकीलसाहेबांची 1956 सालची 'एम.जी.ए.' आली होती. इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात 1955 ते 1962 या काळात अशा एक लाखाहून अधिक गाड्या तयार झाल्या व बहुतेक परदेशी गेल्या. दोनच माणसांची, बुटकी, देखणी गाडी. मी ती गॅरेजसमोरच्या उतारावर उभी केली, हँडब्रेक ओढला, बटण दाबले आणि उतरून दार लावले. त्या धक्क्याबरोबर आत 'खट्' असा आवाज झाला आणि गाडी चालू लागली! खाली एका जीपच्या इंजिनात डोके घालून गॅरेजमधला पोऱ्या काम करीत होता. माझ्या ओरडण्याने तो कसाबसा बाजूला झाला. जीपचा बंपर तेवढा वाकला.

"बटण दाबलं होतंस का रं?" मामांनी विचारले. मी हो म्हटले. पण त्यांचा विश्वास बसला नाही. तो सारा दिवस मी कुणाशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही बैठक काढली, गालिचा उचलला, केबलचा नट ढिला केला आणि दांडा बाहेर काढला. नेहमीच्या गाडीत दांडा ओढताच खटका आपोआप दात्यांत बसतो, कारण स्प्रिंग त्याला दात्यांकडे रेटते. बटण असते ते सोडवण्यासाठी. या गाडीत सारेच उलटे! येथे स्प्रिंग खटक्याला दात्यांपासून दूर ठेवते. दांडा ओढून बटण दाबले तरच तो अडकतो आणि केवळ केबलच्या ताणामुळे अडकून राहतो. दांडा जरासा वर ओढला की ताण जातो, खटका उडतो आणि दांडा खाली पडतो. शर्यतीत झटपट सुटावा म्हणून ही योजना. मात्र खटक्याचे टोक झिजले, तर जी स्प्रिंग नेहमीच्या गाडीत मदत करते तीच येथे घात करते. आमच्या खटक्याचे टोक तुटून गोल झाले होते. ते हातात घेऊन मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चहा सांग दोन."

नवा खटका बाजारात मिळेना, म्हणून घडवायचे ठरले. मी हौसेने साध्या लोखंडी पट्टीचा तुकडा कापून, कानस मारून, दोन दिवसांत हुबेहूब खटका बनवला. दहा-बारा वेळा दांडा ओढताच त्याची धार पुन्हा बोथट! साध्या लोखंडात कार्बन इतका कमी असतो की त्याला कितीही पाणी दिले तरी ते कठीण होत नाही. हे मामांना ठाऊक होते. पण त्यांनी मला मुद्दाम करू दिले, असा माझा दाट संशय आहे.

दुसरा खटका ट्रकच्या जुन्या पाट्यापासून केला. पाटा आधी लाल तापवून राखेत हळूहळू निववला, तेव्हा कुठे त्यावर कानस चालली. आकार झाल्यावर पुन्हा तापवला. लोहचुंबक त्याला चिकटेनासे झाले की ताव आला असे समजायचे. लगेच तेलात बुडवला. आता तो काचेसारखा कठीण, पण तितकाच ठिसूळ. म्हणून घासून चकचकीत केला आणि मागच्या अंगाने मंद आच दिली. पोलादावर रंग सरकत पुढे येतो. टोकाशी वाळल्या गवताचा पिवळा रंग आला की थांबायचे. हा रंग क्षणभरच टिकतो. माझा एक तुकडा निळा होऊन वाया गेला.

एवढा खटाटोप कशाला, असे वकीलसाहेबांनीच विचारले. मामांनी सांगितले की या गाडीचा पायाचा ब्रेक तेलावर चालतो आणि एकाच मुख्य सिलिंडरमधून चारही चाकांना तेल जाते. एक नळी फुटली की चारी चाके मोकळी. मग उरतो तो केबलने मागची चाके आवळणारा हाच दांडा.

खटका बसवून मागची चाके उचलली. दांडा खाली असता ती मोकळी फिरतील इतकीच केबल ताणली. मग त्याच उतारावर, चाकांपुढे विटा ठेवून, मी वीस वेळा दार आपटले. गाडी हलली नाही. मामांनी विटा काढायला सांगितल्या. पोऱ्याने तीन काढल्या. चौथी मात्र गाडी परत जाईपर्यंत त्याने काही काढली नाही.