पिवळं पान आणि सल्ल्याची फी

जुलैत चार दिवस झड लागून उघडीप पडली की वाशीम, रिसोड, मंगरूळपीर, कुठल्याही गावच्या कृषी सेवा केंद्रासमोर अर्धा तास उभं राहून बघा. कुणीतरी शर्टाच्या खिशातून सोयाबीनचं पान काढतो आणि काउंटरवर ठेवतो. "भाऊ, पिवळं पडून रायलं, कायचं औषध मारू?" दुकानदार पान उलटंपालटं करतो, मागून तीन बाटल्या काढतो, पंपाला किती झाकणं ते सांगतो. बिल बाटल्यांचं होतं. सल्ला फुकट.

आता तेच पान आपण नीट पाहू. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील, तर ती बहुधा लोहाची कमतरता. चुनखडीच्या भारी जमिनीत पाणी साचलं की मुळांना लोह उचलता येत नाही. चर काढून पाणी बाहेर काढलं आणि वाफसा आला की पीक बहुतेक वेळा आपसूक हिरवं होतं. फार तर फेरस सल्फेटची एक फवारणी. पण पानावर पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे असतील आणि अशी झाडं शेतात इथंतिथं विखुरलेली असतील, तर तो पिवळा मोझॅक. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. २०२३ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यानं तो भोगला आहे. तिथं रोगट झाडं उपटायची आणि माशीचा बंदोबस्त करायचा. बुरशीनाशक कितीही महागाचं आणलं तरी विषाणूवर त्याचा उपयोग शून्य.

म्हणजे पान लोहाअभावी पिवळं पडलं असेल तर शेतकऱ्याला खरा सल्ला हा होता: काही मारू नका, पाणी काढा, आठ दिवस थांबा. हे वाक्य सांगून दुकानदाराला एक रुपया मिळत नाही. तो वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. उधारीवर बियाणं देऊन गाव तोच सांभाळतो. पण त्याचं पोट बाटलीवर आहे. 'काही मारू नका' हे सांगून ज्याचं पोट भरतं, तो सल्लागार.

माझ्याकडे बारावीच्या निकालानंतर जे पालक येतात, त्यांना मी हे पान आधी दाखवतो. कारण त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "पोरगं ॲग्रीला टाकलं तर पुढं काय, शेवटी पुण्याला एमपीएससीच ना?" बहुतेकांचं तसंच होतं, खोटं कशाला बोलू. पण सल्लागार ही वेगळी वाट आहे, आणि वाशीमसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात तिचं गणित नाशिकसारखं जमत नाही, हेही आधीच सांगायला हवं.

नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात सल्लागार छाटणीपासून काढणीपर्यंत एकरी फी घेतो आणि बागाईतदार ती निमूट देतो. सोयाबीनचा हिशेब करू. एकरी सात क्विंटल पिकलं आणि २०२५-२६ चा ५,३२८ रुपयांचा हमीभाव खरोखर हाती पडला, तरी एकरातून ३७,२९६ रुपये. त्यातून बियाणं, खत, फवारणी, मजुरी, मळणी वजा करा. एकरी फी काढायची कुठून? म्हणून इथल्या सल्लागारानं एकट्या सोयाबीनवाल्याच्या भरवशावर दुकान मांडू नये. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे कारंजा-मंगरूळपीरकडचा संत्रा बागाईतदार, रिसोड-मालेगावकडचा हळदवाला, बीजोत्पादन घेणारे गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्या.

या कंपन्यांच्या बाबतीत एक तक्रार. गावोगावी कंपन्या नोंदवल्या गेल्या, पण वर्षाचा ताळेबंद आणि विवरणपत्र वेळेत भरायचं असतं, हे कित्येक संचालकांना दंडाची रक्कम बघूनच कळलं. दर फॉर्मला दिवसाला १०० रुपये विलंब शुल्क, आणि ते थांबत नाही. माझ्या ओळखीच्या एका कंपनीला नोंदणी करून देणाऱ्या सल्लागारानं फी घेतली आणि पुढं फोन उचलणं सोडलं. नोंदणीची फी सांगताना दरवर्षीचं काम आणि त्याचा खर्च कागदावर लिहून घेतला असता तर हे टळलं असतं. कॉमर्स घेतलेल्या मुलांना इथं भरपूर काम आहे, आणि त्यासाठी पुण्या-मुंबईत खोली घ्यावी लागत नाही.

सनदी लेखापालाला १९४९ च्या कायद्याची सनद लागते, कीटकनाशक विकायला परवाना लागतो. शेतीचा सल्ला द्यायला मात्र काही लागत नाही; पाटी रंगवली की झाला सल्लागार. तेव्हा सल्लागार निवडताना पहिला प्रश्न: तुम्हाला पैसे कोण देतं, मी की औषध कंपनी? उत्तर गुळमुळीत आलं तर चहा पिऊन उठा. दुसरं, तो शेतात उतरतो की व्हॉट्सॲपवरच्या फोटोवरून सांगतो? तिसरं, चिठ्ठी लिहून देतो का? औषधाचं नाव, त्या पिकाला त्याची शिफारस आहे का, पंपाला प्रमाण किती, कोणती दोन औषधं एकत्र करायची नाहीत, हे कागदावर हवं. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं दगावली. तोंडी सांगितलेलं मिश्रण किती महागात पडू शकतं, हे त्यानंतर तरी कळायला हवं.

आणि तुम्हीही त्याच्यापासून लपवू नका. आधी काय फवारलं ते सांगायला शेतकरी लाजतो, मग सल्लागार अंधारात दुसरं औषध लिहितो.

पालकहो, हाच पहिला प्रश्न प्रवेशाच्या 'काउन्सेलर'लाही विचारा. परदेशातल्या किंवा परराज्यातल्या कॉलेजची जागा मिळवून देणाऱ्यांना पुष्कळदा कॉलेजकडूनच कमिशन मिळतं. त्याच्या यादीत तुमच्या मुलाचं हित असेलच असं नाही. कृषी पदवीचा प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होतो, तो अर्ज मुलगा स्वतः भरू शकतो.

पदवी चार वर्षांची. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ चं, तेच आपल्याला जवळचं. शेवटच्या वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभवाला, म्हणजे 'रावे'ला, मुलं गावात राहतात, कृषिदूत-कृषिकन्या म्हणून पेपरात फोटो येतात. तो काळ फोटोपुरता घालवू नये. नंतर तीन-चार वर्षं कुणा जाणत्याच्या हाताखाली, नाहीतर अकोल्यातच मुख्यालय असलेल्या महाबीजच्या बीजोत्पादन प्लॉटवर उन्हातान्हात काढावीत. स्वतःचं सुरू करायचं तर ॲग्री क्लिनिक योजना २००२ पासून आहे. हैदराबादच्या 'मॅनेज' या कृषी विस्तार संस्थेच्या देखरेखीखाली ४५ दिवसांचं प्रशिक्षण मिळतं आणि त्यानंतर कर्ज मिळालं तर नाबार्डमार्फत अनुदान.

गेल्या मे महिन्यात एक वडील मुलाला घेऊन आले होते. मुलाला मी एकच काम दिलं: गावातल्या दहा घरी जाऊन घरच्या सोयाबीनची उगवण तपास. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि सातव्या दिवशी मोजायचं. सत्तर उगवले तर एकरी ३० किलो बियाणं, साठच उगवले तर ३५. तो वही घेऊन परत आला. तीन घरचं बियाणं साठच्याही खाली होतं; दोघांनी नवीन घेतलं, एकानं ऐकलं नाही. एका आजोबांनी त्याच्या हातावर पन्नासची नोट ठेवली होती. वडिलांनी ती त्याला परत द्यायला लावली, "गावातल्या माणसाकडून पैसे घ्यायचे का" म्हणून. मी त्याच दिवशी वडिलांना फोन केला आणि सांगितलं, पुढच्या वेळी नोट घेऊ द्या आणि वहीत लिहायला लावा.