मॉलमधला गाळा: मामाचे कानमंत्र

भाचीबाई, मॉलवाल्यांचा माणूस दर सांगेल तो ऐकून घे, पण लगेच वहीत उतरवू नकोस. “फुटाला दोनशे” असं तो म्हणतो, ते सगळे फूट तुझ्या गाळ्यातले नसतात. सरकते जिने, शौचालयं, मधला चौक, एसीच्या यंत्रांची खोली या सगळ्यांचा वाटा तुझ्या माथी मारून जे क्षेत्र होतं, त्याला ते चार्जेबल एरिया म्हणतात. कागदावर 600 फूट असलेल्या गाळ्यात टेप लावल्यावर 360 फूट कार्पेट निघालं तर नवल मानू नकोस. म्हणजे 1,20,000 रुपये भाडं तू 360 फुटांचं देणार, आणि खरा दर पडला 333 रुपये. रेरा कायद्यात कार्पेटची व्याख्या आहे, पण तो कायदा विक्रीच्या व्यवहारासाठी. भाड्याच्या गाळ्यात तो तुझ्या मदतीला धावणार नाही. म्हणून दोन्ही आकडे करारात लिहून घे, ताब्याच्या दिवशी दोघांनी मिळून मोजायचं आणि कमी भरलं तर भाडं त्या प्रमाणात उतरवायचं, हेही लिहून घे. टेप आपला घेऊन जा. मधोमध दोन बाय तीनचा खांब असला तर त्या सहा फुटांचे महिन्याला दोन हजार रुपये तू मोजणार आहेस, आणि तिथं एक कुर्ताही टांगता येणार नाही.

भाड्यावर कॅम येतो, म्हणजे झाडलोट, सुरक्षा, सामायिक दिवाबत्ती वगैरेंचा खर्च. फुटाला 30 रुपये धरले तरी 600 फुटांचे 18,000. या दोन्हींवर 18 टक्के जीएसटी. एकूण 1,62,840 रुपये, आणि तुझ्या गाळ्यातली वीज यात नाही. जीएसटीचं क्रेडिट मिळेल, पण कंपोझिशन योजनेत गेलीस तर तेही हातचं गेलं. कॅमबद्दल एकच गोष्ट हट्टानं माग: खर्च भागताना पूर्ण मॉलच्या क्षेत्रानं भागायचा, चालू दुकानांच्या नव्हे. नाहीतर रिकाम्या गाळ्यांची झाडलोट उरलेल्यांच्या गल्ल्यातून होते. वर्षअखेरीचा तपासलेला हिशेब आणि वार्षिक वाढीला टक्क्यांची मर्यादा हेही बोलून घे.

आता खरी मेख. बहुतेक मॉल मिनिमम गॅरंटी आणि विक्रीतला वाटा, यातलं जे जास्त ते घेतात. तुला 15 टक्के सांगितले आहेत. 1,20,000 ला 15 टक्क्यांनी भाग, 8,00,000 येतात. महिन्याची विक्री आठ लाखांच्या आत असेपर्यंत तुझं भाडं ठरलेलं, त्याच्या वर गेलीस की मॉल तुझा भागीदार. भागीदार फक्त नफ्याच्या दिवसांतला, हे विसरू नकोस. दिवाळीच्या महिन्यात 14 लाखांचा माल गेला तर 2,10,000 द्यायचे, म्हणजे 90,000 जादा. पितृपक्षात विक्री चार लाखांवर आली तर 15 टक्क्यांनी 60,000 च होतात, पण देणं 1,20,000 चं. आपल्या कापडाच्या धंद्यात महिने कधी सारखे नसतात. म्हणून हिशेब महिन्याचा नको, वर्षाचा माग. वर्षाची विक्री 96 लाखांच्या आत राहिली तर जादा काही नाही. टक्का 15 वरून 14 वर आणायला ते तासभर वाद घालतील. वार्षिक हिशेबाला पुष्कळदा पटकन मान डोलावतात, कारण समोर बसलेल्या माणसाला टक्क्याबद्दल वर उत्तर द्यायचं असतं.

विक्री कशाला म्हणायचं तेही करारातच ठरव. जीएसटी वगळून, परत आलेला माल वजा करून. तुझ्या फोनवर आलेली आणि घरून पाठवलेली ऑर्डर त्यात धरायची नाही. तुझं बिलिंग मशीन त्यांच्या संगणकाला जोडलेलं असतं, तेव्हा हे नंतर समजावत बसायची वेळ येऊ देऊ नकोस.

गिऱ्हाईक किती येतं हे त्यांच्या तक्त्यावरून ठरवू नकोस. एखाद्या मंगळवारी दुपारी आणि एका रविवारी संध्याकाळी आपल्या मजल्याच्या सरकत्या जिन्याशी बस. माणसं मोजू नकोस, हातातल्या पिशव्या मोज. थंड हवा खायला येणारे मुबलक असतात, आणि त्यांच्या येण्यात तुझा फायदा नाही. मॉल नवा असेल तर मोठं दुकान किंवा सिनेमागृह सुरू होईपर्यंत नुसता विक्रीतला वाटा देईन, मिनिमम गॅरंटी नाही, असं सांग. ते नाराज होतील. होऊ देत.

लॉक-इनचं कलम दोनदा वाच. बहुधा ते एकतर्फी असतं: तू तीन वर्षं निघायचं नाही, निघालीस तर उरलेल्या महिन्यांचं भाडं भर. कोर्टात नुकसानभरपाई रास्त तेवढीच मिळते, असं कंत्राट कायद्याच्या कलम 74 वरून भांडता येतं, पण तोवर डिपॉझिट त्यांच्या हातात आणि तू वकिलाच्या दारात. बारा महिन्यांवर आण, किंवा सलग सहा महिने विक्री अमुक रकमेखाली राहिली तर नोटीस देऊन बाहेर पडता येईल अशी सोय करून घे. भाडं सुरू होण्याची तारीखही पत्राच्या तारखेपासून नको. वीज जोडून गाळा खरोखर हाती येईल त्या दिवसापासून फर्निचरचे साठ दिवस मोज, भाडं त्यानंतर.

2020 आठवतंय ना? मार्चमध्ये महाराष्ट्रातले मॉल बंद झाले ते 5 ऑगस्टला उघडले. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीच्या खान मार्केटमधल्या एका दुकानाचं प्रकरण तिथल्या उच्च न्यायालयापुढे होतं. टाळेबंदी म्हणून भाडं थांबवता येणार नाही, करारात काय लिहिलंय ते बघावं लागेल, असं न्यायालयानं सांगितलं. तेव्हा “सरकारी आदेशानं मॉल बंद राहिला तर भाडं आणि कॅम दोन्ही थांबतील” हे वाक्य जसंच्या तसं घाल. कॅम शब्द वगळू नकोस, वाद बहुधा तिथंच होतो. आगीचंही तसंच. ऑक्टोबर 2020 मध्ये मुंबईच्या सिटी सेंटर मॉलची आग विझवायला दोन दिवसांहून जास्त लागले. मॉलचा विमा इमारतीचा, तुझा माल आणि फर्निचर तुझं. विमा तू वेगळा काढ.

इमारत कुणाची तेही विचार. एकाच मालकाचा मॉल आणि गाळे सुटे विकलेला मॉल यांत जमीनअस्मानाचा फरक. सुटे गाळे असले की शंभर मालक, शंभर मतं, आणि बंद पडलेला सरकता जिना दुरुस्त करायला कुणीच पुढे येत नाही. मी असल्या ठिकाणी फुकटही गाळा घेणार नाही. मॉल बँकेकडे गहाण आहे का, हे सर्च रिपोर्टमधून काढ. गहाण टाकल्यानंतर बँकेच्या संमतीवाचून झालेल्या कराराला जप्तीच्या वेळी फारसं बळ उरत नाही, म्हणून बँकेची एनओसी माग.

राहिलेलं थोडक्यात. महाराष्ट्रात करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे ती जबाबदारी मालकाची. लिव्ह अँड लायसन्स 60 महिन्यांपर्यंतचं असेल तर मुद्रांक कमी पडतो, म्हणून ते तसाच मसुदा देतात. पण त्यात तुला जागेवर हक्क मिळत नाही, नुसती परवानगी मिळते. “मॉल दुसरा गाळा देऊ शकेल” असं कलम असेल तर त्यात “त्याच मजल्यावर, तेवढाच मोठा, फर्निचरचा खर्च मॉलचा” एवढं जोड. पाटीचं डिझाइन ते देतील, मात्र मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत, हे त्यांच्या डिझायनरला तूच सांग. जाताना गाळा मूळ स्थितीत द्यायचा असतो, तेव्हा ताब्याच्या दिवशीचे तारखेसकट फोटो कराराला जोड, आणि चावी देतानाच डिपॉझिट परत मिळेल असं लिहून घे.

मसुदा पीडीएफमध्ये देतील, तू वर्डमध्ये माग, म्हणजे पुढच्या फेरीत कुठं काय बदललं ते दिसेल. आला की मला पाठव. सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा बसू.