पंप सुरू होतानाचे दोन सेकंद
(संगणकावरच्या ऑसिलोस्कोपची ओळख)



मोटार जळाली की आपण एकतर लाईटला बोल लावतो, नाहीतर वाइंडिंगवाल्याला. विरारजवळ आगाशीला माझ्या ताईची वाडी आहे. तिथली ५ हॉर्सपॉवरची मोटार एकाच उन्हाळ्यात दोनदा जळाली. चालू मोटारीवर मीटर लावला तर व्होल्टेज चांगले २२० दाखवी! शेवटी भाचा लॅपटॉप आणि यूएसबीचा ऑसिलोस्कोप घेऊन आला. विजेची क्षणाक्षणाची चढउतार पडद्यावर रेघ काढून दाखवणारे हे यंत्र.

आधी जिवाचे सांगतो. लाईनची वायर या यंत्राला थेट लावायची नाही. २३० व्होल्टची लाट शिखरावर ३२५ पर्यंत जाते. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरने विद्यार्थ्यांसाठी बनवलेल्या एक्सपआइज-१७ चे मोठे चॅनेलसुद्धा १६ व्होल्टपर्यंतच घेतात. शिवाय यंत्राचा ग्राउंड यूएसबीतून लॅपटॉपला जोडलेला असतो, म्हणजे धक्का आपल्या हातापर्यंत येतो. म्हणून मध्ये २३० ला ६ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घातला. जोडणी वायरमनने, मेन स्विच काढून केली.

पहिल्या चॅनेलवर हा ट्रान्सफॉर्मर. शिखर साडेआठ व्होल्टच्या आसपास येते, म्हणून रेंज १६. दुसऱ्या चॅनेलवर एका फेजच्या वायरीभोवती क्लॅम्प, १ अँपिअरला १० मिलिव्होल्ट देणारा. त्याची रेंज १ व्होल्ट. रेंज उगाच मोठी ठेवली तर रेघ मुंगीएवढी दिसते, लहान ठेवली तर शेंडा कापला जातो.

आता ट्रिगर, म्हणजे चित्र कधी काढायचे याचा हुकूम. इथेच आम्ही फसलो. ट्रिगर व्होल्टेजवर ठेवला होता. ती लाट तर सेकंदाला पन्नास वेळा येते, त्यामुळे स्टार्टर दाबायच्या आतच चित्र निघून जाई. भाचा म्हणाला, "मामा, जे आधी नसतं त्याच्यावर ठेवू या." बंद मोटारीत करंट नसतो. म्हणून ट्रिगर दुसऱ्या चॅनेलवर, चढती बाजू, पातळी ५० मिलिव्होल्ट (म्हणजे ५ अँपिअर), आणि 'ऑटो'ऐवजी 'सिंगल', म्हणजे एकदाच. 'ऑटो'वर यंत्र वाट न पाहता चित्र काढत सुटते. आडव्या दहा घरांना २०० मिलिसेकंद दिले, एकूण २ सेकंद. त्यातला २० टक्के भाग ट्रिगरच्या आधीचा ठेवला, म्हणजे आधीचे व्होल्टेजही दिसते. यंत्र गप्प वाट पाहत बसले. ताईने हिरवे बटण दाबले.

लाटा दाटून पट्टा झाला होता, पण उंची स्पष्ट होती. करंट चालू भाराच्या सहापट, तितका सुरुवातीला घेतलाच जातो. मात्र व्होल्टेज २३० वरून १६० ला आले आणि दीड सेकंद तिथेच. व्होल्टेज सत्तर टक्क्यांवर आले की मोटारीचा जोर निम्म्यावर येतो. ती वेग घेईना, तापत राही. एवढ्या वेळात मीटरचा काटा काय सांगणार?

मीटरपासून स्टार्टरपर्यंत जुनी बारीक केबल होती, सव्वाशे मीटर. जाड केबल ओढून पुन्हा त्याच सेटिंगवर पाहिले. व्होल्टेज २१० च्या खाली गेले नाही, आणि करंटचा पट्टा अर्ध्या सेकंदात खाली बसला.