सत्तेचाळीस ऐकून ७४ का लिहिले जाते?

प्रश्न : मुलगी दुसरीत आहे. ‘सत्तेचाळीस’ सांगितले की ती ७४ लिहिते आणि ‘एकोणतीस’ म्हटले की ३९. तिचे गणित कच्चे आहे का? पाढे घोकून घ्यावेत का?
— एक पालक, सातारा

उत्तर : ही चूक गणिताची कमी आणि भाषेची अधिक आहे, त्यामुळे आपण काळजी करू नये. मराठीत ‘सत्तेचाळीस’ म्हणताना सात आधी उच्चारला जातो व चाळीस नंतर, मात्र लिहिताना दशक, म्हणजे दहांच्या गटांची संख्या, डावीकडे येते. ‘एकोणतीस’ तर तिसांत एक उणा असे वजाबाकीचे नाव आहे, आणि ९९ ला हा नियमही न लागता ‘नव्याण्णव’ म्हटले जाते. याच अडचणीमुळे बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ असे जोडवाचन रूढ नावांसोबत दिले. त्यावर वाद झाला, तरी समजुतीची पायरी म्हणून ते उपयुक्तच आहे.

पाढ्यांनी हा गोंधळ सुटणार नाही. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे व सुट्या काड्या, किंवा दहाच्या नोटा व रुपयाची नाणी मांडून मुलीने ‘चाळीस आणि सात, सत्तेचाळीस’ असे म्हणत संख्या लिहावी. रोज दहा मिनिटे पुरेत. चुकल्यास रागावू नये, पुन्हा गठ्ठे मोजू द्यावेत. मात्र तिसरी संपेपर्यंत गोंधळ टिकला किंवा अक्षरे वाचतानाही अडखळणे दिसले, तर वर्गशिक्षकांशी बोलून दृष्टी व श्रवण यांची तपासणी करून घ्यावी.