भरवशाचा हिशेब

पुस्तकं आणि दिवाळी अंकांची अक्षरजुळणी, मांडणी मी घरून करते. पाटी नाही, जाहिरात नाही. एकाने दुसऱ्याला नंबर दिला तरच काम येतं.

१. दर सांगण्याआधी मजकूर मागवते. जुन्या श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये आणला की कधी रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, तर कधी जोडाक्षराची पहिली वेलांटी भलतीकडेच सरकते. प्रकाशकाच्याच फाइलमधली दोन पानं बदलून, लाल खुणा करून त्याला दाखवते आणि मग आकडा सांगते. हेच काम निम्म्यावर आल्यावर सांगितलं तर ती सबब वाटते.

२. आपल्या बिलाला कात्री लागली तरी खरं ते सांगावं. एका लेखकाचं पुस्तक १६४ पानांवर गेलं होतं. १६ पानांचा फॉर्मा धरला तर दहा फॉर्मे पुरे, वरच्या चार पानांसाठी छपाईचा खर्च उगाच वाढणार. परिशिष्टाचा टाइप अर्ध्या पॉइंटने उतरवला, दोन प्रकरणांमधली कोरी पानं काढली आणि पुस्तक १६०वर बसवलं. मी पानावर पैसे घेते, म्हणजे चार पानं माझीच गेली. पण त्या गृहस्थांनी पुढे पाठवलेल्या माणसांनी दरात घासाघीस केली नाही.

३. फोनवर ठरलेलं त्याच रात्री व्हॉट्सॲपवर लिहून पाठवते: ‘दोन प्रूफं दरात, तिसऱ्यापासून वेगळे पैसे.’ “आपल्यात कसलं आलंय लिहिणं!” असं म्हणणाऱ्याला तर आवर्जून. तिसरं प्रूफ हमखास त्याचंच निघतं.

४. पैसे झाले की खुली फाइल देऊन टाकते, वापरलेल्या फॉन्टांच्या यादीसकट. फाइल अडवून गिऱ्हाईक बांधून ठेवणारे आमच्या धंद्यात आहेत. मला ते पटत नाही.

५. थकलेल्या पैशांसाठी आवाज चढवत नाही. उद्यम नोंदणी केली आहे आणि तिचा क्रमांक बिलावर छापते. सूक्ष्म-लघु उद्योगांचं बिल, करारात काहीही लिहिलं तरी, २००६च्या कायद्याने ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाही. प्रकाशकाच्या सीएला तो क्रमांक बरोबर दिसतो. कायद्याचं नाव मला काढावं लागत नाही.

६. गणपती बसले की नवं काम घेत नाही. दिवाळी अंकांच्या गर्दीत सगळ्यांना हो म्हणणारा शेवटी सगळ्यांचेच फोन टाळायला लागतो. नाही म्हणताना दुसऱ्या कोणाचा तरी नंबर देते. एका संपादकांनी मात्र “तुम्हीच करा” म्हणून धोशाच लावला. त्यांना म्हटलं, मग कथा जूनमध्ये पाठवा. आता खरंच जूनमध्ये पाठवतात. जाहिराती मात्र अजूनही छपाईच्या आदल्या रात्रीच येतात.