यंत्राची बोली

बाजारात लिलाव आहे. आपल्याला जायला जमत नाही. मग आपण शेजाऱ्याला सांगतो, "माझ्या वतीने बोली बोल. पण पाच हजारांच्या वर जाऊ नकोस."

ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडे कर्ज थकलेली घरे बँका 2002 च्या कायद्याने लिलावात काढतात. हे लिलाव आता संगणकावर होतात. काही लिलावांत शेजाऱ्याचे काम यंत्रच करते.

आम्ही एक उदाहरण देतो. बोली 20 लाखांपासून सुरू झाली. दर वेळी 10 हजारांची वाढ. आपण यंत्राला 22 लाखांची मर्यादा सांगितली. ती इतरांना दिसत नाही. यंत्र एकदम 22 लाख बोलत नाही. दुसरा चढला, की ते 10 हजारांनी वर जाते. दुसरा 21 लाखांवर थांबला, तर घर 21 लाख 10 हजारांना मिळते. तो 22 लाखांच्या वर गेला, की यंत्र गप्प बसते.

मर्यादा आधीच हिशेब करून ठरवावी. घर मिळाले, की चौथा हिस्सा त्याच दिवशी, नाहीतर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी भरावा लागतो. बाकीचे पैसे मुदतीत भरले नाहीत, तर भरलेलेही बुडतात.

सांगा पाहू : दुसरा 20 लाख 50 हजारांवर थांबला, तर घर कितीला पडेल?