फडातला किडा आणि माळावरची झाडी



वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला, की त्या दिवशी दिवेलागणीनंतर फडाशेजारच्या बाभळीखाली जाऊन उभे राहावे. सात-साडेसातच्या सुमारास मातीतून तपकिरी भुंगेरे घोंघावत वर येतात आणि बाभूळ, कडुनिंब, बोर यांवर जाऊन बसतात. मीलन तिथेच, पाला खाणेही तिथेच. पहाट फुटायच्या आत सगळे खाली उतरून पुन्हा जमिनीत शिरतात. हीच आपली हुमणी. अळी झाली म्हणजे उसाच्या मुळ्या खाते, आणि वाळलेले बेट ओढले की मुळासकट हातात येते.

आपण हुमणीकडे नेहमी उसाच्या बाजूने बघतो. किती बेटे गेली, एकरी किती टनाला फटका बसला, एवढाच हिशेब. आज जरा त्या बाभळीच्या बाजूने बघू. कारण हा भुंगेरा वाढला कुठे? आपल्या फडात. आणि जेवायला गेला कुठे? शेजारच्या झाडीत.

मादी पन्नास-साठ अंडी घालते, ती भुसभुशीत, ओलसर, कुजका पालापाचोळा असलेल्या मातीत. अशी माती पूर्वी माळावर पावसाळ्यापुरतीच मिळायची. गवताच्या नाहीतर भुईमुगाच्या मुळ्यांवर अळी जगायची, आणि पाऊस ओढला की बऱ्याच अळ्या मरायच्या. आता पाटाचे नाहीतर उपशाचे पाणी आले. बारा महिने ओल, शेणखत, आणि एकाच जातीच्या मुळ्या मैलोनमैल. हुमणीला याहून चांगले बाळंतघर कुठले मिळणार? झाडे मात्र पूर्वी होती त्याहून कमीच झाली. म्हणजे फडात तयार झालेल्या जास्त भुंगेऱ्यांचा भार थोड्या झाडांवर पडतो. जून महिन्यात खराटा झालेली बोर-बाभूळ आपण सगळ्यांनी बघितली आहे. त्या पाल्यावर ज्या रानकिड्यांच्या अळ्या वाढायच्या, त्यांनी मग काय खायचे?

सागरेश्वरचे उदाहरण घ्या. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या धडपडीतून उघड्या डोंगरावर झाडी उभी राहिली आणि १९८५ मध्ये ते अभयारण्य म्हणून जाहीर झाले. क्षेत्र साधारण अकरा चौरस किलोमीटर. भोवती कडेगाव, पलूस, वाळवा या तालुक्यांची शेती. कृष्णाकाठी ऊस पूर्वीपासून होताच, पुढे ताकारी उपसा योजनेचे पाणी वरच्या अंगालाही गेले. हरणे कुंपणाबाहेर येऊन पीक खातात ही आपली तक्रार जुनी आहे, आणि खोटी नाही. पण कुंपणाच्या जाळीतून किडा दोन्ही बाजूंनी ये-जा करतो, त्याची तक्रार कोण कुणाकडे करणार?

ही ये-जा कशी चालते ते समजून घेण्यासारखे आहे. रानात वनस्पती शंभर प्रकारच्या, म्हणून किडेही अनेक जातींचे, पण प्रत्येक जात थोडी थोडी. फडात वनस्पती एकच, म्हणून जाती मोजक्या आणि संख्या अफाट. त्यात आपण तोडणी घातली की आठ-दहा दिवसांत तो सगळा हिरवा पसारा नाहीसा होतो. ज्यांना पंख आहेत ते जवळच्या हिरवाईकडे जातात, मग तो शेजारचा फड असो की ओढ्याकाठची झाडी. त्यात कीड असते तसे किडीचे वैरीही असतात. ढालकिडे, क्रायसोपा, गांधीलमाश्या असले अनेक. हे वैरी आपले मित्र खरे, पण रानात गेल्यावर तिथली कुठली अळी उसावरची आणि कुठली रानातली, असा भेद ते करीत नाहीत. दिसेल ते खातात. शेतातून असा लोंढा वारंवार आला की रानात कुठेही जगणारे चिवट किडे वाढतात, आणि एकाच झाडावर, एकाच वेलीवर अवलंबून असणारे नाजूक किडे मागे हटतात. बाहेरच्या देशांतही शेताला लागून असलेल्या जंगलाच्या कडेला असाच प्रकार अभ्यासकांना दिसला आहे.

इथे एक साधे गणित मांडतो. समजा शेताचा परिणाम झाडीत पन्नास फूट आतपर्यंत पोचतो. (प्रत्यक्षात किडा तशी वाऱ्याप्रमाणे तो कमीजास्त होणार.) एक एकराची चौकोनी देवराई असेल तर तिची बाजू २०९ फुटांच्या आसपास येते. चारही बाजूंनी पन्नास फूट वगळले तर ४० गुंठ्यांपैकी खरे आतले रान उरते फक्त ११ गुंठे. तीच झाडी दहा एकरांची असती तर आत सात एकर राहिले असते. म्हणून झाडीचे लहान तुकडे किड्यांच्या दृष्टीने बहुतांशी कडाच असतात, आणि दरवर्षी बांध एक-एक हात सरकवणारा त्यातले आतले रान आधी संपवतो. बांध सरकवणारे कोण, ते आपण सगळे जाणतो, उगाच नावे कशाला!

मधमाशीचेही तसेच. ऊस वाऱ्यावर फलणारे पीक. त्याला तुरा आला तरी त्यात मधमाशीला मध नाही. फुलांची पिके जाऊन सगळीकडे ऊस झाला, की तिची सगळी भिस्त झाडीवर येते. गुऱ्हाळावर रसासाठी झुंबड करणाऱ्या आणि काहिलीत पडून मरणाऱ्या माश्या बघितल्या म्हणजे तिची उपासमार कळते. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ मध्ये देशातले पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले, ते भोवतीच्या जंगलातल्या फुलोऱ्याच्या जोरावर.

आता आपल्या कामाची गोष्ट. "बाभळी तोडल्या की हुमणी गेली," असे काही सभासद म्हणतात. हे बरोबर नाही. भुंगेरा दुसऱ्या झाडावर जाईल, पण अंडी घालायला फडातच येईल. उलट झाड आहे म्हणून तो एका जागी गोळा होतो आणि आपल्या हाती लागतो. दुसरे काही जण झाडावर औषध मारतात. एकट्या बांधावरच्या झाडाला ते चालवून घेता येईल, पण झाडीच्या कडेला नको. पावसाळ्यात बाभळीला पिवळे गोंडे येतात, तेव्हा त्यावर मधमाशी असते. औषध भुंगेऱ्याबरोबर तिला आणि वाऱ्याबरोबर आतल्या रानालाही लागते.

औषधावर सगळी मदार ठेवली तर काय होते, ते २००२ मध्ये आपण भोगले. त्या वर्षीच्या जुलैत सांगली जिल्ह्यात लोकरी मावा दिसला आणि बघता बघता सातारा, कोल्हापूरपासून कर्नाटकापर्यंत पसरला. उंच, दाट उसात फवारा पोचेना. शेवटी मावा आटोक्यात आला तो डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींमुळे. डिफा जवळपास लोकरी माव्यालाच धरून राहते, तर मायक्रोमस दुसऱ्या माव्यावरही जगतो. म्हणजे फडात मावा नसेल त्या दिवसांत त्याला आसपास काहीतरी हिरवे, न फवारलेले लागते. पाचट पेटवले की हे मित्र तर जातातच, शिवाय ठिणगी वर चढली की डोंगराला वणवा लागतो.

तेव्हा यंदाच्या वळवाला असे करावे. पहिल्या चांगल्या पावसानंतरचे आठ-दहा दिवस, रात्री आठ ते दहाच्या दरम्यान, वाडीतल्या सगळ्यांनी मिळून झाडाखाली कापड अंथरावे, फांद्या काठीने हलवाव्यात आणि पडलेले भुंगेरे रॉकेल नाहीतर डिझेल घातलेल्या पाण्यात टाकावेत. एकट्याने करून भागत नाही, कारण शेजाऱ्याचा भुंगेरा तुमच्या फडात अंडी घालतो. नदीकाठच्या भारी जमिनीतली हुमणी निराळ्या जातीची. तिचे भुंगेरे पाल्यासाठी झाडावर जमत नाहीत, तेव्हा त्या रानात हा उपाय उपयोगी नाही. झाडीला लागून फड असेल तर कडेच्या पाच-सहा सऱ्यांतले पाचट पेटवू नये, तिथे फवाराही टाळावा. आणि जमल्यास एक करून बघावे. त्याच रात्री कंदील नाहीतर बॅटरी घेऊन एक झाड फडाच्या कडेचे आणि एक झाडीच्या आत शंभर पावलांवरचे, अशा दोन झाडांखालचे भुंगेरे वेगवेगळे मोजावेत. आकडे पावसाच्या तारखेसह गटऑफिसात चिठ्ठीवर लिहून द्यावेत.